उत्तरदाते काका

सर्वेक्षणाला कोणी दारात आलं की काका सदरा चढवून ओट्यावर हजर होतात. जनगणना असो, २०२० मधलं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' असो, की आशाताईंचा तिशीपुढच्यांचा आरोग्याचा फॉर्म असो, घरादाराची उत्तरं तेच देणार. सुनेचं डोकं दुखतं की नाही, हेसुद्धा.

जन्मतारीख १ जून. ही आईची देणगी नव्हे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली. त्यामुळे काकांना वयं दोन. सरकारी पगाराच्या योजनेला मोठं, आजाराच्या फॉर्मला लहान.

"तंबाखू खाता का?" आशाताई फॉर्म भरताना विचारतात.

"छे! व्यसन कसलंच नाही." बोलताना हात मात्र चुन्याच्या डबीवर. काकांच्या लेखी व्यसन म्हणजे शेजारच्यांची सिगारेट. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज येतो, "रोजच्या दोन पुड्या लिहा, ताई." फॉर्मात कधीच नाही तर ०, पूर्वी किंवा अधूनमधून तर १, रोज तर २. काका बाजारातल्यासारखी घासाघीस करून १ वर यायला तयार होतात. ते जमेना तेव्हा म्हणतात, "मग हिची मिशरीही लिहा!" काकूंचं म्हणणं, ती दात घासायला. दिवसातून चार वेळा दात घासणारी बाई जिल्ह्यात दुसरी नसेल. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, त्यामुळे आशाताई दोघांनाही २ घालतात.

दारूच्या प्रश्नात मात्र फॉर्मच काकांना सामील आहे. तो विचारतो, "रोज पिता का?" काका ताठ मानेनं "नाही" म्हणतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी वगळून 'रोज' कसं होईल? इथे पूर्ण ०. इतकं खरं उत्तर त्यांनी दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाला दिलेलं नाही.

कंबर? "चौतीस." तो पँटीचा नंबर, आणि पँट पोटाखाली बांधलेली. टेप बेंबीवरून फिरायला लागला की काका श्वास रोखून धरतात. आशाताई हुशार, त्या शांतपणे पुढचा प्रश्न विचारतात. उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरपर्यंत ०, शंभरापुढे २. काका शंभरापुढे.

व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं हवा. काका पारापर्यंत चालत जातात, पाच मिनिटं. तिथे दोन तास बसतात. हिशेबात दोन्ही धरतात.

"तोंड उघडायला त्रास होतो का?" हा प्रश्न थट्टेचा नाही, तंबाखू खाणाऱ्यांना तो विचारावाच लागतो. पण काका काही बोलण्याआधीच काकू बाहेर येतात. "उघडायला नाही हो, मिटायला होतो."

शेवटी बेरीज. काका विचारतात, "किती पडले?" आशाताई आकडा सांगतात. काका खूश! शेजारच्यांना तीनच पडलेत, हे त्यांनी आधीच काढून ठेवलेलं असतं. इथे चारापुढे गेलेला माणूस पास नव्हे, धोक्यात धरतात, हे कळल्यावर मात्र ते "पुन्हा मोजा" म्हणून अडून बसतात आणि वडिलांचा मधुमेह खोडायला सांगतात. त्याचे २ असतात ना.

वडील जाऊन वीस वर्षं झाली, आता त्यांना कशाला त्रास, हा काकांचा युक्तिवाद.

आशाताईंना एवढीच विनंती, की रक्तदाब आणि साखर तपासायची चिठ्ठी काकांच्या हातात देऊ नका. काकूंकडे द्या.