लूज कनेक्शन

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या कट्ट्यावर विज्ञानाच्या गप्पा निघाल्या की हीच माझी अडचण होते. बाकीच्यांना विषयाची काही बाधा झालेली नसल्यानं ते मोकळेपणानं बोलतात. मी "तसं नाही, त्यात दोन गोष्टी आहेत" अशी सुरुवात करतो आणि पहिली गोष्ट संपायच्या आत कट्टा पुढच्या बातमीवर पोचलेला असतो.

कट्टा म्हणजे डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब. खाली टाकी, वर आम्ही. संध्याकाळी साडेसात-पावणेआठला लोकलमधून उतरलेली मंडळी डब्याची पिशवी घरी टाकतात आणि तोंड धुऊन इथं येऊन बसतात. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर जमलेला माल बाहेर निघतो. कॅन्सरवर औषध सापडलेलं असतं, पृथ्वीकडे एक दगड येत असतो, एका चार्जमध्ये हजार किलोमीटर जाणारी बॅटरी तयार झालेली असते. बातमी पूर्ण कुणीच वाचलेली नसते. वाचली तर मत बनवायला फार वेळ लागतो.

प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. अण्णा "हे आपल्याकडे होतंच" म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला "पाच वर्षांत सगळं बदलणार" म्हणतो. २०११ पासून त्याची पाच वर्षं सुरूच आहेत. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ फक्त खर्च विचारतात. मंगळयान सात रुपये किलोमीटरनं गेलं, रिक्षापेक्षा स्वस्त, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की चांद्रयान-३ च्या वेळी त्यांनी ६१५ कोटींना ३ लाख ८४ हजार किलोमीटरनं भागलं आणि हादरून मला फोन केला. "सर, चंद्र सोळा हजार रुपये किलोमीटर पडतोय!" यान सरळ रेषेत जात नाही, पृथ्वीभोवती घिरट्या घेत घेत लांब जातं, असं मी सांगितलं. "म्हणजे फिरवून नेतात," भाऊ म्हणाले, आणि त्यांचं रिक्षाबद्दलचं मत आणखी पक्कं झालं.

पण ही सगळी पालखी उचलणारी माणसं. पालखीत बसलेले आहेत लूजकाका.

दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव दुसरं आहे, पण ते आता फक्त पोस्टमनला लागतं. काकांची उभी हयात टेलिफोनच्या कामात गेली. खांबावर चढणं, डबा उघडणं, हजार तारांतून मेलेली जोडी शोधून काढणं. तिथून त्यांनी एक सिद्धान्त घरी आणला. जगात जे काही विचित्र घडतं, त्याच्या मुळाशी कुठंतरी लूज कनेक्शन असतं. मिक्सर बंद पडला, लूज. लोकल मुंब्र्याला थांबली, वर लूज. पुतण्याचं लग्न मोडलं तेव्हाही ते "पहिल्यापासूनच नीट टाइट केलं नव्हतं" एवढंच म्हणाले होते.

असा एक गृहस्थ प्रत्येक कट्ट्यावर असतो. सगळ्या कुलपांना एकच किल्ली. कुणाची किल्ली औषध कंपन्यांचं कारस्थान, कुणाची अमेरिकेचा डाव, कुणाची "हल्ली हवामानच बदललंय". अशा माणसाशी वाद घालताना आपण माहिती आणतो आणि तो नुसती किल्ली फिरवतो. बहुतेक वेळा कुलूप उघडत नाही, त्यामुळे आपलं बरं चालतं. आमच्या नशिबानं काकांची किल्ली एकदा लागली. तीही कुठल्या कुलपाला, तर थेट आइनस्टाइनच्या.

सप्टेंबर २०११. जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून तेव्हा न्यूट्रिनो नावाचे कण सोडायचे, ते जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत पोचायचे. ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले, अशी बातमी आली. अंतरात मोजायचं तर शर्यतीत जेमतेम अठरा मीटरनं पुढं. पण प्रकाशाच्या पुढं कुणी अठरा मिलिमीटरसुद्धा जाता कामा नये, असं आम्ही शंभर वर्षं शिकवत आलोय. त्या आठवड्यात कट्ट्यानं आइनस्टाइनला ज्या उत्साहानं निरोप दिला तो पाहण्यासारखा होता. अण्णांना तर घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. आयटीवाला म्हणाला, पाच वर्षांत टाइम मशीन. मी विशेष सापेक्षता कॉलेजात शिकवतो तशी शिकवायला घेतली. खडू नव्हता म्हणून विटेच्या तुकड्यानं स्लॅबवर आकृती काढली.

काका आकृतीकडे बघतही नव्हते. "वायर लूज असेल," ते म्हणाले.

मी हसलो. माझ्याकडून घडलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात महागडी. "काका, दीडशेच्या वर शास्त्रज्ञ आहेत त्यात. सहा-सहा महिने तपासलंय त्यांनी."

"शास्त्रज्ञ वायर तपासत नाहीत हो सर. ते कागद तपासतात. वायर लाइनमन तपासतो."

फेब्रुवारी २०१२ मध्ये पेपरात आलं, की जीपीएसच्या रिसीव्हरकडून कॉम्प्युटरकडे जाणारी फायबर ऑप्टिकची केबल नीट घट्ट बसवलेली नव्हती. तेवढ्यानं वेळेचा हिशेब चुकला होता. एका घड्याळातही दोष निघाला, पण ते आमच्याकडे कुणी वाचलं नाही. मी त्या दिवशी बाजाराच्या रस्त्यानं, मागच्या गेटनं घरी गेलो. काही उपयोग झाला नाही. काका मागच्या गेटवरच उभे होते. हातात कात्रण होतं.

ते कात्रण पुढं लॅमिनेट झालं. आज ते त्यांच्या पाकिटात, ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाच्या पुढच्या खणात असतं. कट्ट्यावर वाद वाढला की काका ते काढून टाकीच्या झाकणावर ठेवतात, जसा एखादा जुना पहिलवान नुसता लंगोट दाखवतो.

त्यांना हरवायचा प्रयत्न मी सोडला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा मला वाटलं, आता काका सापडले. एकेका यंत्राला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा फरक पडलेला मोजलाय. काका "लूज" म्हणणार हे ठरलेलंच होतं, म्हणून उत्तर तयार ठेवलं. यंत्रं दोन आहेत, अमेरिकेत एक हॅनफर्डला आणि दुसरं लिव्हिंगस्टनला, मध्ये तीन हजार किलोमीटर; आणि सात मिलिसेकंदांच्या अंतरानं दोघांनी अगदी तेच टिपलं. दोन ठिकाणी एकाच क्षणी एकाच तऱ्हेनं वायर कशी काय लूज होईल?

काकांनी क्षणभर विचार केला. त्या क्षणात मला दिवाळी दिसली.

"दोन्हीकडे कॉन्ट्रॅक्टर एकच असेल," ते म्हणाले.

कट्टा त्यांच्या बाजूनं झाला, कारण कॉन्ट्रॅक्टर हा शब्द आमच्याकडे कुठल्याही पुराव्यापेक्षा जड आहे. नुकतंच बिल्डिंगचं वॉटरप्रूफिंग झालं होतं. पुढं एकदा, तसलंच एक यंत्र आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायचंय, हे मी सांगायला गेलो, तर काकांनी फक्त "वायरिंग कोणाकडे दिलंय?" एवढंच विचारलं.

आणि तो कोरियाचा सुपरकंडक्टर! जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या लोकांनी एलके-९९ नावाचा काळपट खडा दाखवला. साध्या खोलीच्या तापमानाला त्यातून विजेला काहीच विरोध होत नाही म्हणाले. व्हिडिओत तो खडा चुंबकावर अर्धवट उभा राहत होता, एक कोपरा टेकलेला. आयटीवाल्यानं तो व्हिडिओ कट्ट्यावर सगळ्यांना दोनदा दाखवला. आता बिनविरोध वीज म्हणजे महावितरणचं बिल कमी येणार का, हा भाऊंचा प्रश्न रास्त होता. पण जगभरच्या प्रयोगशाळांनी तो खडा करून पाहिला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनंही पाहिला, आणि कुणाच्याच हाती सुपरकंडक्टर आला नाही. महिनाभरात उलगडा झाला. खड्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती आणि ते १०४ अंश सेल्सियसच्या आसपास रूप बदलतं, म्हणून विरोध एकदम घसरल्यासारखा दिसला. मी विजयी मुद्रेनं सांगितलं, "बघा काका, वायर नव्हती. भेसळ होती, तांब्याची."

"तांबं ना?" काका म्हणाले. "मग वायरच झाली की."

यावर काय बोलणार? मी त्या दिवशी कॉलेजचे पेपर तपासायला लवकर वर गेलो.

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे, आणि ती मी कट्ट्यावर कधी केलेली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिच्यात नॅनो चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, अशी आवई उठली. खुद्द भाऊ, तीस वर्षं नोटा मोजलेला माणूस, शपथेवर सांगत होते. मी रेडिओ लहरी, त्यांचं मातीत होणारं शोषण, अँटेनाचा आकार हे सगळं क्रमानं घेतलं. कुणी ऐकलं नाही. काकांनी भाऊंच्या हातातून नोट घेतली, रस्त्यावरच्या दिव्याकडे धरली, उलटी केली आणि विचारलं, "ह्याला बॅटरी कुठाय? वायर कुठनं आत गेलीय?" भाऊंनी नोट परत घेऊन खिशात घातली. त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये तो विषय निघाला नाही. दर ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार म्हणून मेसेज येतो, त्यावरही काका एवढंच विचारतात, "मागच्या ऑगस्टला दिसला का?" माझे दोन्ही तास वाचतात.

१९७९ मध्ये स्कायलॅब ही अंतराळ-प्रयोगशाळा पडणार म्हणून काकांच्या राजापूरकडच्या गावात लोकांनी कोंबड्या मारून खाल्ल्या होत्या, मरायचंच आहे तर निदान जेवून, असं ते सांगतात. काका तेव्हा बावीस वर्षांचे. स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली, कोंबड्या मात्र गेल्या त्या गेल्याच. "त्या दिवसापासून मी बातमीवर जेवत नाही," म्हणतात.

त्यांची किल्ली एकदाच खिशात राहिलेली मी पाहिली. ७ सप्टेंबर २०१९ ची मध्यरात्र. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता आणि आम्ही सगळे काकांच्या हॉलमध्ये होतो, कारण त्यांचा टीव्ही मोठा. पडद्यावरची हिरवी रेघ ठरलेल्या रेघेपासून सुटली. चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. संपर्क तुटला! आयुष्यभर ज्या बातमीची वाट पाहिली ती काकांच्या घरात, काकांच्या टीव्हीवर आली होती. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काका काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि सगळ्यांना पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आयटीवाल्यानं "काय काका, शेवटी लूजच ना?" म्हणून छेडलं तर म्हणाले, "काम करणाऱ्या माणसाच्या लाइनला आपण लूज म्हणू नये." हा नियम सर्नवाल्यांना का लागू नव्हता, हे मी विचारलं नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला पुन्हा तोच हॉल. बायका, पोरं, वॉचमनसुद्धा. पावणेसहाला चांद्रयान-३ खाली यायला लागलं आणि त्याच वेळी टीव्हीवरचं चित्र फुटून चौकोन चौकोन झालं. हॉलमध्ये जो आवाज उठला तो इस्रोत ऐकू गेला असता. काका शांतपणे उठले, शोकेस आणि भिंत यांच्या फटीत शिरले आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची पिन अंगठ्यानं दाबली. चित्र आलं. सोडली, गेलं. दाबली, आलं.

मग उतरायला लागलेली सगळी मिनिटं काका तसेच, कमरेत वाकून, गाल भिंतीला टेकवून. त्यांना पडदा दिसत नव्हता. भाऊ ओरडून सांगत होते, "सात किलोमीटर, काका! वेग कमी होतोय!"

"दोन पॉइंट एक गेलं का?" फटीतून आवाज आला.

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं भाऊ म्हणाले, "गेलं काका. आठशे मीटर."

मग १५० मीटरवर ते थांबलं, खालची जागा बघितली, आणि सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं. पुढचा गोंधळ सांगत नाही, तो सगळ्या देशात एकसारखाच होता. अण्णांनी माझा हात धरून ओरडायला सुरुवात केली, "दक्षिण ध्रुवावर! दक्षिण ध्रुवावर!"

"ध्रुवावर नाही हो," मी म्हणालो. खरंच, तोंडातून निघूनच गेलं. "साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांश. ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे त्यात दोन गोष्टी आहेत..."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. माझी बायकोसुद्धा.

"सर," शोकेसमागून काका म्हणाले, "दुसरी गोष्ट उद्या सांगा. उतरलंय ना नक्की? मग मी अंगठा काढू का?"