आरमाराला पुरून उरलेला पक्षी

हिरव्या गवतात तपकिरी पक्षी दिसायलाच हवा, असा हिशेब मांडून मी भर श्रावणात विजयदुर्गाच्या सड्यावर उभा होतो. वाऱ्याने छत्री उलटी झालेली, दुर्बिणीवर वाफ धरलेली. शोध चालला होता सिस्टिकोलाचा. लांबी जेमतेम 10 सेंटिमीटर, पाठीवर गडद रेघा, आखूड शेपटीच्या टोकाला पांढरी किनार. ही किनार दिसते ती त्याने उडताना शेपटी पसरली तरच. खाली उतरला की तो थेट गवताच्या बुडाशी. त्याचा भाऊबंद वटवट्या निदान लांब शेपूट मिरवत काडीवर बसतो, मुलाखत देतो.

"काय हरावला काय तुमचा?" गुरं घेऊन आलेल्या आजोबांनी विचारलं.

"पक्षी शोधतोय."

"दिसलो?"

"नाही. पण आहे इथेच."

"मगे देवासारखोच म्हणा," म्हणत ते म्हशीमागे गेले.

देवाचं माहीत नाही, पण सिस्टिकोला हाक मारतो. नर हवेत चढतो, हिंदकळत फिरतो आणि प्रत्येक हिंदोळ्याला एकदा 'झिट्' म्हणतो. डोळे मिटून कान उघडे ठेवले की ओळख पटते. आफ्रिकेत तर या कुळातल्या कितीतरी जाती दिसायला इतक्या सारख्या, की आवाजावाचून गत्यंतर नाही. हा गुंता सोडवायला शेवटी दर्यावर्दी लागला. ब्रिटिश आरमारातले ह्युबर्ट लाइन्स. 1918 साली त्यांनी ऑस्टेंड बंदरावरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलं, रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले आणि मग वर्षानुवर्षं सिस्टिकोलांच्या मागे हिंडले. 1930 साली 'आयबिस' या नियतकालिकाने त्यांच्या अभ्यासाची जाडजूड पुरवणी काढली. आंग्र्यांचा हा विजयदुर्ग किल्ला ब्रिटिश आरमाराने 1756 साली घेतला होता. त्यामानाने सिस्टिकोलाने साहेबाला बराच जास्त झुंजवला.

एवढा आरडाओरडा कशासाठी, तर घरासाठी. गवताची जिवंत पाती कोळिष्टकांनी ओढून, बांधून नर खोल गवतात घरट्याचा सांगाडा उभा करतो. मादीने पसंत केलं की आतलं मऊ अस्तर, अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं तिच्याकडे. आपल्याकडच्या बिल्डरसारखंच: ताबा दिला, फिनिशिंग तुमचं तुम्ही बघा. साहेब तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पुढच्या स्कीमची जाहिरात करत वर हिंदकळत असतात. झिट्, झिट्, झिट्.