कब्जेदार सदरी कोण?

विंडोज 10 ही 14 ऑक्टोबर 2025 रोजी सेवानिवृत्त झाली. म्हणजे चालायची ती चालतेच, पण सुरक्षेच्या नेहमीच्या फुकट दुरुस्त्या बंद. तिच्या जागी विंडोज 11 घ्यावी, तर तिला टीपीएम 2.0 नावाची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी तरुण लागतो. माझा संगणक दोन्ही विषयांत नापास. "भंगारात द्या, सर," असं धुळ्यातल्या एका दुकानदारानं हसतमुखानं सांगितलं. मी स्वतः निवृत्त शिक्षक असल्यामुळे हा सल्ला मला जरा अंगाला लागला.

म्हणून जळगावच्या भाच्याला फोन केला. तो उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे) संगणकशास्त्र शिकलेला. "मामा, लिनक्स टाकून देऊ. फुकट आहे," तो म्हणाला. मी सहज विचारलं, "कुठलं?" खानदेशी माणसाला "शेवभाजी कुठली चांगली?" आणि संगणकवाल्याला "लिनक्स कुठलं?" हे सहज विचारायचे प्रश्न नाहीत. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, सूझे, आर्च, स्लॅकवेअर... फोन तापला. मी स्पीकर लावून चहा पिऊन आलो तेव्हा तो जेंटूपर्यंत पोचला होता.

शनिवारी तो पारोळ्यामार्गे एसटीनं आला. पिशवीत बामणोदची भरताची वांगी आणि खिशात पेनड्राइव्ह. वांगी मामीनं ताब्यात घेतली. पेनड्राइव्ह मी घेणार, तेवढ्यात आप्पा आले.

आप्पा आमचे शेजारी. तलाठी म्हणून निवृत्त झाले, म्हणजे पगारापुरते झाले. साक्री-शिंदखेड्याचे कितीतरी गट अजून तोंडपाठ. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एरवी अहिराणीत बोलतात, कायद्याचं निघालं की छापील मराठीत येतात. पेनड्राइव्हकडे बघून म्हणाले, "मंग यान्हा मालक कोन शे?"

"कोणीच नाही," भाचा म्हणाला.

आप्पा खुर्चीत बसले ते उठायचे नाहीत हे मला तेव्हाच कळलं.

भाच्यानं सुरुवातीपासून सुरुवात केली. 1991 साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या संगणकासाठी लिनक्सचा कर्नल लिहिला (फौजेतला नव्हे, यंत्राचे भाग आणि कार्यक्रम यांच्यामध्ये बसून सगळ्यांना वेळ आणि जागा वाटून देणारा गाभा). हा आपला छंद आहे, फार मोठं काही नाही, असं त्यानं तेव्हा कळवलं होतं. आज जगातले सर्वात वेगवान 500 महासंगणक झाडून सगळे त्यावर चालतात. त्याच्याही आधी, 1983 मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सगळी प्रणालीच मोकळी लिहायची प्रतिज्ञा केली होती. कारण काय, तर प्रयोगशाळेतला प्रिंटर कागद अडकवायचा, आणि त्याचा प्रोग्राम दुरुस्त करतो म्हटलं तर तो दाखवायला कोणी तयार होईना.

"प्रिंटरवरून?" मी विचारलं. माझा प्रिंटर कोपऱ्यात होता. त्या गृहस्थाबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला. हट्टी माणसांचं तसंही धुळ्याला नवल नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दारोदार हिंडून कागद गोळा केले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड लोकांसमोर टाकले, ते काय सोयीसाठी? तेही इथेच, धुळ्यात गेले.

आप्पांना इतिहासात रस नव्हता. "उतारा दाखव. कब्जेदार सदरी टोरवाल्ड्स लागलाय का?"

"त्याचंही नाव आहे, आप्पा. पण हजारोंची आहेत. ज्यानं जेवढ्या ओळी लिहिल्या, तेवढ्यावर त्याचा हक्क."

"सामाईक खातं." आप्पा छापील मराठीत आले. "इतर हक्कात काय?"

इथे भाचा खुलला. इतर हक्कात जीपीएल. 1992 पासून कर्नल या परवान्याखाली आहे. कोणीही वापरा, वाचा, बदला, विका सुद्धा. अट एकच: बदललेलं पुढे दिलंत, तर त्याची मूळ लिखावट मागणाऱ्याला दिली पाहिजे, आणि त्यालाही हेच सगळे हक्क.

"म्हणजे गायरान," आप्पा म्हणाले. "चारा, पण कुंपण घालू नका. बरं. आणि अतिक्रमण?"

"होतं की. पण 2004 साली म्युनिकच्या कोर्टानं जीपीएल ग्राह्य धरली. शेजारी बीएसडी म्हणून दुसरा परवाना आहे, त्यात कुंपण घालायलाही मोकळीक. ॲपलच्या मॅकमध्ये तिथला बराच माल आहे."

आप्पांनी मान हलवली. असे नमुने त्यांनी नोकरीत पाहिले होते.

मग वाणांचा, म्हणजे डिस्ट्रिब्युशनांचा विषय निघाला. भाचा पडद्यावरून समजावत होता, आप्पा वर्तमानपत्राच्या समासात उतरवत होते. कर्नल तोच, त्यावर कोण कसलं पीक घेतो, पडदा कसा मांडतो, नवं बियाणं किती घाईनं पेरतो, यावरून खातेफोड. 1993 मध्ये इयन मर्डॉकनं डेबियन काढलं आणि नावात स्वतःच्या आधी मैत्रीण डेब्रा हिचं नाव घातलं. पुढे ती त्याची बायको झाली. "लक्ष्मीमुक्ती!" आप्पा ओरडले. बायकोचं नाव उताऱ्यावर लावून घ्यायला त्यांनी गावोगाव नवऱ्यांच्या विनवण्या केल्या होत्या. इथे एक बहाद्दर लग्नाआधीच लावून मोकळा. डेबियनमधून 2004 साली उबुंटूचा पोटहिस्सा पडला. उबुंटूवाले सुरुवातीची काही वर्षं सीडी फुकट पोस्टानं घरपोच पाठवायचे. उबुंटूतून 2006 साली मिंट. आपल्या सी-डॅकचं बॉस नावाचं लिनक्स, तेही डेबियनच्याच बांधावरचं. डेबियन पाऊस पक्का झाल्याशिवाय पेरत नाही, साधारण दोन वर्षांनी एकदा, उबुंटू दर सहा महिन्यांनी, आर्च रोज. आर्चवाल्याला विहीरही स्वतः खणावी लागते, आणि खणली हे तो गावभर सांगतो. (भाचा आर्च वापरतो. हे त्यानं एसटीतून उतरल्या उतरल्या सांगितलं होतं.)

"आणि रेड हॅट नावाची कंपनी," तो म्हणाला, "हीच मोकळी वस्तू सांभाळून द्यायचे पैसे घेते. 2019 मध्ये आयबीएमनं ती 34 अब्ज डॉलरला घेतली. लोहित नावाचा मोकळा मराठी फाँट त्यांचाच, पुण्याच्या कचेरीत सांभाळला गेला."

34 अब्जावर आप्पा गप्प झाले. मग सावकाश म्हणाले, "मग उद्या कोणी त्या टोरवाल्ड्सलाच गाठलं? सही घेतली, बेबाकी केली, अट उठवली, खेळ खलास."

"त्याच्या एकट्याच्या सहीनं काय होतं? ज्यांनी ज्यांनी ओळी लिहिल्या त्या सगळ्यांची संमती लागेल. काही वारले. काहींचा पत्ता नाही. काही कंपन्याच बुडाल्या."

आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हा माणूस आयुष्यभर याच दुखण्यानं गांजलेला. सहा बहिणी, त्यातल्या दोन सुरतेला, एक भाऊ परागंदा, चुलत्याची वारसनोंद राहिलेली, खरेदीखत अडलंच. खानदेशात जमीन विकली जात नाही ती पुष्कळदा प्रेमामुळे नव्हे, सह्यांमुळे. आणि इथे कोणीतरी ते दुखणंच राखणीला बसवलं होतं.

"हजारो सहहिस्सेदार," आप्पा पुटपुटले. "हे विकलंच जाऊ शकत नाही. माझ्या उभ्या नोकरीत एवढा निर्वेध उतारा पाहिला नाही."

त्यानंतर मिंट बसवायला फारसा वेळ लागला नाही. लागला तो आप्पांमुळे. पेनड्राइव्हवरूनच संगणक चालू करून पाहता येतो, डिस्कला हात न लावता, ते झालं. मग पडद्यावर डिस्कचा आडवा पट्टा आला आणि मध्ये सरकवायची रेघ. डावीकडे विंडोज, उजवीकडे लिनक्स. आप्पांनी चष्मा पुसला. "थांब. मोजणीची नोटीस दिली का? लगतचा कब्जेदार हजर पाहिजे." भाच्यानं सांगितलं की लगतचा कब्जेदार झोपेत आहे, पण 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या एका अपडेटनं अनेकांचं शेजारचं लिनक्स सुरूच होऊ दिलं नव्हतं. "बांध कोरला," आप्पा म्हणाले, आणि रेघ स्वतः माउसनं धरून विंडोजच्या बाजूला अंमळ सरकवली.

पुढे काळ्या खिडकीत पासवर्ड टाकायचा होता. मी टाकत होतो, पडद्यावर अक्षर उमटेना, नुसत्या फुल्या. "की-बोर्ड गेला वाटतं," मामी भरताचा हात पदराला पुसत म्हणाली. भाचा म्हणाला, तसंच असतं, अक्षरं कुठली ते बाहेरच्याला कळू नये. मामीला ही पद्धत आवडली. घरातले बाकीचे व्यवहारही असेच असावेत, असं काहीसं ती माझ्याकडे बघून बोलली.

प्रिंटर चालला. पहिल्या झटक्यात चालला, ड्रायव्हरची सीडी न शोधता. इनस्क्रिप्ट मराठी कळफलक आतच होता. श्रीलिपीतल्या जुन्या फायली मात्र उघडल्या की कोंबडीनं चिखलात नाचावं तसं दिसतं. त्यासाठी अजून विंडोजच्या पोटहिश्श्यात जावं लागतं. आप्पा त्याला वहिवाटीचा रस्ता म्हणतात.

भरीत-पुरी खाता खाता आप्पांना एका मराठी मेनूत वेलांटीची चूक दिसली. तक्रार कुणाकडे करायची, त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, तक्रार कशाला, लाँचपॅड नावाच्या संकेतस्थळावर खातं काढा आणि दुरुस्ती स्वतःच सुचवा. आप्पांचा घास हातातच राहिला. निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी त्यांना नोंद करायला बोलावत होतं.

आता रोज सकाळी दहाला ते माझ्या संगणकावर बसतात. दुरुस्ती सुचवतात, खाली "सबब, मंजुरी मिळावी ही विनंती" असं लिहितात. पहिल्याच वेलांटीवर पुण्याहून कोणीतरी हरकत घेतली आहे. सुनावणी चालू आहे.