आडवं होऊन बघावं लागतंय

लातुरात घर घेणारे थोडे आणि घर बघणारे फार. तुमच्याही ओळखीत एखादा असणारच. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, "काय करलालाव?" आपण काही सांगायच्या आत पुढचं वाक्य येतं, "अहमदपूरकडं एक घर आलंय म्हणं. लई शांत गाव हाय." गाडी आपली, पेट्रोल आपलं आणि शांतता त्याची.

आमचे अण्णा या जमातीचे मेरुमणी. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून जन्म काढला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. खेड्यात शांत घर घ्यायचं, हा बेत मात्र निवृत्तीपेक्षा पुष्कळ जुना. कागदपत्रांत अण्णांना कोणी फसवू शकत नाही. सातबारा, आठ-अ, गावठाणातला नमुना नंबर आठ, सगळं घोटून प्यायलेले. एजंट कूळ, इनाम वगैरे शब्द गिळू लागला, की हे थेट 1954 च्या खासरा पाहणीत शिरतात आणि निजामाच्या काळातून त्याला घाम फोडून बाहेर काढतात. "एनए होणारच हाय साहेब" असं कोणी म्हणालं, की अण्णांचं ठरलेलं उत्तर, "म्हंजे झालेलं नाही."

इथपर्यंत ठीक आहे. असे पुष्कळ असतात. पण कागद झाले, बोअरचं पाणी चाखून झालं, की अण्णा चपला काढतात, खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर अंथरतात आणि सरळ आडवे होतात. डोळे मिटतात. हात छातीवर.

"घर उभ्यानं बघायचं नसतंय. आडवं होऊन बघावं लागतंय."

बार्शी रोडला एक रो-हाउसची स्कीम होती. नावात 'व्हॅली'. लातूरच्या सपाट पठारावर व्हॅली कुठून आली हे विचारायचं नसतं. टाय लावलेलं एक पोरगं आम्हाला मॉड्यूलर किचन दाखवत होतं. ते ट्रॉली उघडून वळतं तर अण्णा हॉलच्या फरशीवर उताणे. पोरगं पांढरं पडलं. बाटलीतलं पाणी अण्णांच्या तोंडावर शिंपडलं आणि फोन काढून एकशे आठ लावायला लागलं. अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "गप बस की रे. ऐकू दे." मग निकाल दिला, "शेजारच्या मोटारीचा आवाज येलालाय."

औशाकडच्या एका गावात याच्या पुढची पायरी गाठली. जुना वाडा होता. अण्णा ओसरीत उंबऱ्याशी आडवे झाले, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून टॉवेलचं टोक तोंडावर घेतलं. गल्लीतून एक म्हातारा चालला होता. तो थबकला. डोक्याची टोपी काढली, हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "कोण म्हणं?"

"गिऱ्हाईक."

"कुठलं?"

"लातूरचं."

"अरारा. कवा?"

तेवढ्यात मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि टॉवेलखालून आवाज आला, "मला साखर कमी हं, ताई." म्हाताऱ्याची टोपी तिथंच राहिली.

खेडं शांत असतं, ही समजूत शहरातल्या माणसानं शहरात बसून करून घेतलेली आहे. अण्णांनी ती आडवं होऊन तपासली. सप्ताह असला की कर्णा पहाटे काकड्याला सुरू होतो. सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्र रात्रभर चालतं. शेतीला थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीची, म्हणून पंपही रात्रीचे. पोरांचा डीजे आहे. गिरणी आहे. हे सगळं वगळून एखादं गाव सापडावं, तर निलंगा तालुक्यातलं हासोरी. 2022 च्या सप्टेंबरात तिथं खुद्द जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येऊ लागले, लोक रात्री घराबाहेर बसले. त्या दिवसांत तिकडचं एक घर स्वस्तात येत होतं. अण्णांनी फोनवरच नाही म्हटलं. आडवे व्हायलासुद्धा गेले नाहीत. अण्णा एखाद्या घरात आडवे व्हायला गेले नाहीत, असं तेवढं एकदाच झालं.

अण्णांचा थोरला नेदरलँड्सला असतो. उत्तरेला ग्रोनिंगनमध्ये नोकरी. बापाचंच रक्त, त्यालाही खेड्यात शांत घर पाहिजे. तिथले व्यवहार ऐकून अण्णा थक्क. गिऱ्हाईक मालकाच्या सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त बोली लावतं, हे त्यांना पटेचना. "त्या देशात बायका भाजी घेत नाहीत का?" करारावर सही झाली तरी घर घेणाऱ्याला तीन दिवस फेरविचाराला मिळतात, कारण न देता माघार घेता येते, हे कळल्यावर मात्र गप्प झाले. आपल्याकडे फेरविचाराला तीन पिढ्या लागतात आणि तो दिवाणी कोर्टात होतो.

पोरानं पसंत केलेलं खेडं नकाशावर शोधता शोधता अण्णांना वेगळंच काही सापडलं. ग्रोनिंगनच्या जमिनीखालून नैसर्गिक वायू काढून काढून तिथं भूकंप होऊ लागलेत. 16 ऑगस्ट 2012 ला हाउझिंगे नावाच्या गावाजवळ 3.6 रिश्टरचा झाला. घरांना तडे गेले, हजारोंनी भरपाईचे अर्ज आले आणि शेवटी सरकारनं 2024 मध्ये कायदा करून ते वायूक्षेत्र कायमचं बंद केलं.

"तीन पॉइंट सहा!" अण्णा मला मोबाइल दाखवत म्हणाले. "एवढ्यानं आपल्याकडचं पोरगं कूस बदलत नाही. आन् तिथं भिंतीला चीर पडली म्हणून सरकार विहीर बुजवतंय." खूप हसले. त्याच रात्री पोराला फोन करून सांगितलं, तिथं घर घेतलंस तर मी मेलो असं समज.

पोरगं दक्षिणेला आइंडहोवनकडं नोकरी बदलून गेलं. तिथल्या एका खेड्यातलं घर बघायच्या वेळी अण्णा व्हिडिओ कॉलवर हजर. मीही होतो, कारण त्यांच्या मोबाइलचं नेट नेहमी माझ्या हॉटस्पॉटवर चालतं. आधी बाग दिसली, मग पडदे नसलेल्या मोठ्या खिडक्या, मग लाकडी जमीन. अण्णा म्हणाले, "आता आडवा हो."

"अण्णा, त्या दलालबाई समोर उभ्या आहेत."

"त्यांना होऊ नको म्हण. तू हो."

झाला. बाईंनी सुनेला काही विचारलं असावं. सून इंग्रजीत म्हणाली, आमच्याकडची पद्धत आहे. बाई चटकन खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. परक्यांच्या धर्मकृत्यात लोक उभे राहतात तशा.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"कुत्रंबी नाही?"

"नाही."

"मग गावात माणसं हायत का, ते आधी बघ."

हा किस्सा मी गावभर सांगितला. एकदा अण्णांच्या घरीच, काकूंसमोर रंगवून सांगत होतो. घर म्हणजे भाड्याच्या इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. मे महिन्यात तिथं वाटीतलं तूप पातळ राहतं. काकू शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही गाडी चालवता, पण बघत नाही. ते आडवं होतेत कुठं? दाराशीच की. पाय बाहेर. माझं लगीन झाल्यापासून स्लॅबखाली ह्यांचा डोळा लागलेला नाही."

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून किल्लारी परिसरातली गावं झोपली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाची टनावारी माती. उन्हाळ्यात गार राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या पुरलेली घरं. भूकंप झाला आणि माणसं त्यांच्याखालीच गेली. अण्णा तेव्हा नोकरीला नवीन. 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली आणि हे टेप घेऊन माळरानावर. त्याबद्दल ते मोकळेपणानं बोलतात, पण सगळं चौरस फुटांत. भूमिहीन आणि हेक्टरभर जमीनवाल्याला अडीचशे फुटांचं घर, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्याच्यावर साडेसातशे. घरात माणसं किती उरली हा रकाना मापात नव्हता. शेत किती, तो होता. साडेसातशे फुटांत एकटा म्हातारा, अडीचशेत सहाजण, अशी घरं त्यांनी आखून दिली.

"आन् घरं झाल्यावर," अण्णा सांगतात, "लोक घरात सामान ठेवायचे आन् अंगणात पत्रं टाकून तिथं झोपायचे. मी त्यांना येडे म्हणायचो. सरकारनं एवढं पक्कं बांधून दिलं, तर हे बाहेर!" असं म्हणून हसतात. काकू हसत नाहीत, शेंगा फोडतात.

त्यानंतरही मी कुरकुर करतो. पेट्रोल कमी लागत नाही. पण अण्णा आडवे झाले, की एजंटला मी बाहेर नेऊन बोलण्यात गुंतवतो आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, जिवंत आहेत.

मागच्या महिन्यात लोह्याजवळ एक शेतातलं घर बघायला गेलो. मुलं पुण्याला, म्हातारा-म्हातारी थकलेले, म्हणून विकायला काढलेलं. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. समोरच्या पत्र्याच्या पडवीत घरमालक चक्क घोरत पडलेले. मी हाक मारणार, तर अण्णांनी हातानं अडवलं. चपला काढल्या, त्यांच्याशेजारी टॉवेल अंथरला आणि आडवे झाले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग दुसरं घोरणं सुरू झालं. निलंगा, उदगीर, कंधार, मुखेड एवढ्या तालुक्यांत जे ऐकलं नव्हतं, ते मी ऐकलं. म्हातारीनं मला बाहेर लिंबाखाली बाज टाकून दिली आणि विचारलं, "पाव्हणे थकलेले दिसतेत. लांबून आलाव का?"

उन्हं कलल्यावर दोघं उठले. एकमेकांकडे बघितलं. चहा आला. अण्णांनी भाव विचारला नाही, कागद मागितले नाहीत, नुसतं म्हणाले, "मालक, झोप चांगली लागती हो हितं."

घरमालकांनी बशीतला चहा संपवला. पडवीकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. "खरं हाय," म्हणाले. "मग कशाला विकावं?"

सौदा तिथंच मोडला. गाडीत बसताना मी अण्णांवर चांगलाच तापलो होतो. इतक्या वर्षांत सापडलेलं पहिलं घर ह्यांनी स्वतःच्या तोंडानं घालवलं. अण्णा खुशीत होते. मान हलवून म्हणाले, "माणूस शहाणा निघाला. आता जाताना अहमदपूरवरून घ्या, तिथं अजून एक हाय. पण घाई नाही, झोप झालीय."