अपराध पोटात घालणारा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतून पहाटे आधी खरखर आणि मग तोडी ऐकू आली, की तिथे सीडीवाले काका राहतात असे खुशाल समजावे. असे काका कॉलेज रोडला आहेत, इंदिरानगरला आहेत, पुण्यात तर पेठेगणिक आहेत. पण मी सांगतोय ते आमच्या वरच्या मजल्यावरचे. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त. ज्याची उभी हयात मिग विमानांच्या तपासणीत गेली, तो घरातल्या वस्तूवर ‘चालतंय की’ म्हणून सही करील ही अपेक्षाच चुकीची.

काकांकडे भिंतभर सीड्या आहेत आणि त्यांत धड ध्वनिमुद्रण झालेली एकही नाही. स्वच्छ रेकॉर्डिंगचा त्यांना संशयच येतो. “यात गाणाऱ्यानं काय केलं? सगळं माइकनंच केलंय.” त्यांचा जीव जुन्या लाखेच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर आणि बालगंधर्वांवर. शिवाय कुणाच्या तरी वाड्यातल्या खासगी मैफली आहेत. आधी स्पूलवर, स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून भाच्याच्या संगणकात आणि तिथून सीडीवर अशी त्यांची वाटचाल झालेली. अशाच एका मैफलीत बुवा समेवर येताना नेमका कुणीतरी खोकतो. काकांना तो खोकणाराही ठाऊक आहे. “सराफ बाजारातले. दम्याचे होते, पण समेला चुकायचे नाहीत.”

या सगळ्यांत दैवत एकच, डी. व्ही. पलुस्कर. बापूराव नाशिकला जन्मले, १९२१ साली, हे काका अशा स्वरात सांगतात की जणू जन्मदाखल्यावर साक्षीदार तेच होते. वडील विष्णू दिगंबर. ‘बैजू बावरा’त, १९५२ साली, आमीर खाँसाहेबांसमोर बैजूच्या बाजूने गायले. आणि १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेलेसुद्धा. म्हणजे सगळे गाणे गेले ते तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांत, रेडिओत आणि लोकांनी जपलेल्या टेपांत. एवढ्या मोठ्या गाण्याला एवढेसे कुंची-टोपडे शिवलेले पाहून काकांचा जीव तुटतो, आणि तो सांधायला त्यांना प्लेअर हवा असतो. भारी. ‘हाय-एंड.’

मुंबईच्या एका दुकानात काकांनी ‘ऑडिशन’ घेतली तेव्हा मी सोबत होतो. हा शब्द पूर्वी गाणाऱ्यांना लागायचा, आता यंत्रांना लागतो. सोफा मऊ, दिवे मंद, प्लेअरची किंमत आमच्या मोटारीएवढी. विक्रेत्याने कुण्या परदेशी बाईंचे गाणे लावले. “पाहा सर, त्यांनी श्वास घेतलेला ऐकू येतो.”

“बरं झालं, घेतायत ते,” काका म्हणाले. “आता हे लावा.”

बापूराव लागले. त्या यंत्राने तबकडीची खरखर, कॅसेटचा ‘सूं’, मागच्या पंख्याची घरघर असे सगळे वेगवेगळे करून, नावनिशीवार समोर मांडले. गाणेही होते, शोधल्यावर सापडत होते. विक्रेता हळूच म्हणाला, “सर, प्लेअर फार ट्रान्सपरंट आहे.”

“चहाडखोर आहे,” काका म्हणाले आणि उठले.

तांत्रिकदृष्ट्या दोघेही बरोबर होते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, आणि त्यात खरखर नोंदली असेल तर इमानदार यंत्र खरखरच देणार. त्यात काही सीड्या काढताना तबकडीचा आवाज गाळून टाकायच्या नादात कंपन्यांनी तानपुराही गाळला. गाळलेला तानपुरा कितीही लाख रुपये ओतून परत येत नाही. काकांना हे सगळे पाठ आहे. तरी त्यांचे म्हणणे, बाजारात असा एक प्लेअर असलाच पाहिजे, जो रेकॉर्डिंगचे अपराध पोटात घालील.

मग शोध सुरू झाला. एनएडी फार सरळमार्गी, रेगा तरतरीत पण फटकळ, डेनॉन बरा पण ‘कोरडा’. स्थळांना नावे ठेवावीत तसे चालले होते. शेवटी ऐंशीच्या दशकातल्या फिलिप्सच्या टीडीए१५४१ चिपवर मन बसले. ती चिप ‘सोसते’ अशी या पंथात श्रद्धा आहे. तसला एक जुना मरांट्झ घरी आला. त्याच्यासाठी वेगळी वायर, आणि बागेत खड्डा खणून मीठ-कोळसा घातलेले स्वतंत्र अर्थिंग. अर्थिंग ओले राहावे म्हणून काका रोज संध्याकाळी तिथे तांब्याभर पाणी ओततात. काकू गॅलरीतून म्हणतात, “अहो, त्याच तांब्यानं तुळशीलाही घाला. ती तर मुकाट्यानं सोसते.”

पाहुण्यांना बरोबर मध्यावर बसवून काका विचारतात, “तबला कुठं बसलाय सांगा.” रेकॉर्डिंग मोनो. बुवा, पेटी, तबला, सगळे एकाच टिंबात, एकमेकांच्या मांडीवर. सांगायचे काय? मी हल्ली “थोडा डावीकडे” म्हणतो. चहा लवकर येतो.

हे सगळे सुखाने चालले होते. एके दिवशी एक पेटीवाले आले, दोन मिनिटे ऐकून म्हणाले, “पट्टी चढलीय हो. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये वाजतंय.”

काका पांढरेच झाले. जुन्या तबकड्या नावाला मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. प्रत्यक्ष मुद्रणाचा वेग थोडा इकडे, थोडा तिकडे. टेपांचेही तेच. उतरवताना वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की आख्खा अर्धा स्वर चढतो, आणि चौतिशीचा गायक पंचविशीचा वाटू लागतो. १९७७ साली व्हॉयेजरबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी तबकडीवरून अंतराळात गेली, तेव्हा परग्रहावरच्या मंडळींसाठी सोबत सुई आणि कार्ट्रिज दिले होते, कव्हरवर एका फेऱ्याचा वेळ कोरला होता. पृथ्वीवरच्या गिऱ्हाइकासाठी एवढी तसदी कोण घेतो?

वेग कमी-जास्त करायची सोय काकांच्या आवडत्या एकाही प्लेअरमध्ये नव्हती. ती होती पायोनिअरच्या सीडीजेमध्ये, म्हणजे मिरवणुकीतल्या डीजेच्या यंत्रात. आणि डीजेविरुद्ध सोसायटीचा अर्ज दरवर्षी काकाच लिहितात, सुवाच्य अक्षरात.

तरी गेलो. पंचवटीत एक गोदाम, गणपती तोंडावर आलेले, बाहेर नाशिक ढोलवाल्यांचा सराव चाललेला. पोरगा म्हणाला, “आता सगळं पेनड्राइव्हवर चालतं भो,” आणि धूळ झटकून जुना सीडीजे काढला. काकांनी दोन बोटांत कडेने धरून सीडी दिली. पोराने पट्टीवरची खिट्टी हळूहळू वर सरकवली. उणे चार. उणे पाच. साडेपाचच्या पुढे बापूराव आपल्या जागेवर येऊन बसले. ढोल चालू, शटर थरथरतेय, काकांचे डोळे मिटलेले.

“काका,” पोराने मोठ्या बॉक्सकडे हात नेत विचारले, “बेस टाकू का थोडा?”

काकांनी डोळे न उघडता विचार केला.

“खर्जापुरता टाक.”