शिंगाड्यांचं निमित्त

अर्जुनी मोरगावहून परिषदेसाठी पुण्याला जायचं म्हणजे आधी गोंदिया गाठायचं, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस. अख्खा दिवस खिडकीशी आणि बरीचशी रात्र बर्थवर. मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. बॅग भरताना बायकोनं विचारलं, "अहो, त्यांनी लिंक पाठवली आहे ना? मग घरी बसून ऐका ना!" प्रश्न रास्त होता. मी मफलर शोधायला लागलो.

परिषदेत गळ्यात पट्टा पडतो. समोरच्याचं नाव वाचायला त्याच्या पोटाकडे पाहावं लागतं आणि कार्ड नेमकं उलटं फिरलेलं असतं. कार्यक्रमपत्रिकेत साडेअकरा ते पावणेबारा 'नेटवर्किंग ब्रेक' होता. पंधरा मिनिटांत माणसं जोडायची की भजी खायची? मी भजी निवडली. काही उत्साही मंडळी मात्र पत्ते वाटावेत तशी व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरत होती. माझ्या वाट्याला सहा आली. परतताना गाडीत वाचली, तर एकाचाही चेहरा आठवेना.

ओळख झाली ती बेसिनपाशी. नळाला पाणी नव्हतं. मागे उभ्या असलेल्या कोकणातल्या एका ग्रंथपालांनी आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या तेलकट हातांवर ओतलं. पाण्यावरून बोलणं पावसावर गेलं, पावसावरून भिंतीच्या ओलीवर.

"आमच्याकडे पुस्तकांना बुरशी धरते हो," मी म्हटलं.

"रॅक भिंतीला टेकवलेत?"

टेकवले होते.

"मग आधी वीतभर पुढे ओढा. मागून वारा खेळू दे."

ग्रंथालयांच्या भविष्यावरची चार व्याख्यानं मी विसरलो, ही वीत लक्षात राहिली. लिंकवर हे घडलं नसतं. लिंकला बेसिन नसतं.

खरं तर असं दुसऱ्याच निमित्तानं माणसं जोडणं आम्हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीवाल्यांना कुणी शिकवायला नको. भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागते, आज या गावाला, उद्या त्या. घराघरांत पाहुणे. दिवसा शिंगाडे, ऊस, पान, रात्री नाटक. ओळखी वाढवायला आलो, असं कुणी म्हणत नाही. एखादा म्हातारा शिंगाडे सोलत बसलेला असतो. काळ्या सालीत नख रुतवतो आणि मान वर न करता विचारतो, "कोन्या गावचे जी?" गावावरून आडनाव, आडनावावरून मामाचं गाव, तिथून धानाची शेती किती. शिंगाडा तोंडात पडेपर्यंत कुणाच्या तरी पोराच्या सोयरिकीची अर्धी बोलणी झालेली असतात. विचाराल तर म्हणेल, नाटक पाहायला आलो जी! आणि ते नाटक ठरवायलाही फोन खिशात असताना गावची मंडळं वडशाच्या नाटक कंपन्यांच्या दारात जाऊन बसतात.

निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचंही असंच. ते वनाधिकारी म्हणून आमच्या तालुक्यातल्या नवेगावबांधला आले, तेव्हा त्यांना तिथले माधवराव पाटील भेटले. तळं, पाखरं, झाडं यांतलं कितीतरी त्यांना या पाटलांसोबत रान तुडवताना उमगलं. पुढे २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मंडप नंतर आला, पायवाट आधी होती.

कामापुरतं गाठलं की माणूस सावरून बसतो. निमित्त दुसरंच असलं की सैलावतो, आणि हवं ते त्याच्या तोंडून आपसूक निघून जातं. परिषदेतली व्याख्यानं म्हणजे आमचे शिंगाडेच. चवीला वाईट नसतात, पण निव्वळ त्यांच्यासाठी कुणी एवढा प्रवास करत नाही.

गावी आल्यावर रॅक वीतभर पुढे ओढले. मागे भिंतीवर ओलीचे मोठाले नकाशे होते आणि खाली, 'गहाळ' म्हणून मीच नोंदवलेलं एक पुस्तक. नोंद गुपचूप खोडली आणि कोकणात फोन लावला. म्हटलं, सर, दिवाळीनंतर आमच्या मंडईला या, शिंगाडे खायला.

"एवढ्या लांब? फक्त शिंगाडे खायला?"

"छे हो," मी म्हटलं, "रात्री नाटकही आहे."