सिस्टर, कुठे उतरणार?

सकाळी सव्वादहाला मी बदलापूरच्या आमच्या इमारतीत शिरते तेव्हा तळमजल्यावरच्या काकू तुळशीला पाणी घालत असतात. माझे केस विस्कटलेले, हातात रिकामा डबा, चाल थोडी तिरकी. "आज लवकर सुटलात?" काकू विचारतात. पंधरा वर्षं हाच प्रश्न. सुरुवातीला मी नाइट ड्युटी म्हणजे काय ते समजावून सांगायचे. आता "हो, साहेब चांगले आहेत" एवढं म्हणून जिना चढते. संध्याकाळी पर्स अडकवून बाहेर पडले की त्याच काकू: "फिरायला का?"

नाइट असली की सगळी मुंबई घरी निघते तेव्हा मी कामाला जाते, आणि ती कामाला धावते तेव्हा मी घरी. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे, रिकामी गाडी! बदलापूर ते दादर हे साधारण 60 किलोमीटर मी खिडकीत बसून जाते, हे खरं. पण दादरला उतरायचं असतं. संध्याकाळी तिथल्या फलाटावर उभ्या असलेल्या बायकांना सीएसएमटीला काडीचंही काम नसतं. त्या उलट्या जाऊन, जागा धरून, त्याच गाडीनं परत यायला निघालेल्या असतात. गाडी धड थांबलेलीही नसते आणि त्या आत आलेल्या असतात. मूल आधी डोक्यानं बाहेर येतं, असं आम्हाला नर्सिंगला शिकवलं. दादरला माझा रोज पायाळू जन्म होतो: आधी एक पाय, मग कंबर, डोकं सगळ्यात शेवटी, आणि पर्सचा पट्टा नाळेसारखा आतच अडकलेला.

मॉर्निंगला वेगळी तऱ्हा. सहाच्या आसपासची गाडी, भरलेला लेडीज डबा आणि माझी चालती ओपीडी. मी नर्स आहे हे एकदा कळलं की केसपेपर काढावा लागत नाही.

"सिस्टर, ही गोळी बीपीची की ॲसिडिटीची हो?"

"कुठली?"

"पांढरी. गोल. लहानशी."

गोळी घरीच असते. दुसरी फोन पुढे करते. त्यावर नणंदेच्या रिपोर्टचा फोटो, आणि नेमक्या आकड्यावर नणंदेचा अंगठा. मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा. ती म्हणते, डॉक्टर काय, ते टेस्टच सांगतात. या सगळ्याला कंटाळून एकदा मी नव्या ग्रुपमध्ये बँकेत असल्याचं ठोकून दिलं. मुलुंड येईपर्यंत तिघींनी एफडीचा व्याजदर विचारला आणि चौथीनं, मी अडकलेलं कर्ज का सोडवत नाही म्हणून, ठाण्यापासून माझ्याशी अबोला धरला. परत नर्स झाले. आजारात लोक निदान रागावताना आवाज खाली ठेवतात.

मीही काही साधी नाही म्हणा. वरची कडी धरून उभ्या असलेल्या बायकांच्या बांगड्या आणि घड्याळं लोक बघतात. मला शिरा दिसतात. परवा घाटकोपरला एकीचा हात नाकासमोर आला, काय शीर होती! सरळ, ठसठशीत. गुलाबी इंट्राकॅथ डोळे मिटून गेलं असतं. मी इतकी टक लावून बघितलं की तिनं ओढणी हातावर घेतली.

तरी एक प्रश्न असा आहे की त्याला मी कधी टाळाटाळ करत नाही. "ताई, टाटाला कुठे उतरायचं?" विचारणाऱ्या बाईच्या हातात कापड दुकानाची पिशवी, त्यात फाइल, वर गुंडाळलेला एक्स-रे, शेजारी नवरा किंवा भाऊ, दोघंही रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेले. केईएम हॉस्पिटल 1926 पासून, टाटा हॉस्पिटल 1941 पासून. म्हणजे परळच्या आसपास अशा पिशव्या उतरत आहेत त्याला शंभर वर्षं होत आली. मी त्यांना सोबत घेऊन चालते. वाटेत चहा पाजते. मग ड्युटीला पाच मिनिटं उशीर होतो आणि जिला रिलीव्ह करायचं ती नाइटची मैत्रीण माझ्याकडे असं बघते की चहा तिथेच पचतो.

आता झोपेबद्दल. माझी नाइटनंतरची खरी झोप रेल्वेच्या हद्दीत होते. दादरला नऊच्या सुमाराची कर्जत पकडली की कुर्ल्याच्या आत मी गेलेली असते. उठवायचं काम उद्घोषणा करते. औषधाची बाटली कपाटातून काढताना, औषध ओतताना आणि बाटली परत ठेवताना, असं तीनदा लेबल वाचा, असं आमच्या ट्यूटर सांगत. गाडीही बदलापूर तीनदा सांगते. 'पुढील स्टेशन'ला मी दचकते, 'अगला स्टेशन'ला डोळे उघडते, इंग्रजी होईपर्यंत दारात असते. एकदा मात्र लागोपाठ चार नाइट झाल्या होत्या आणि तिन्ही भाषा वाया गेल्या. डोळे उघडले तर नेरळ. घरी फोन केला. नवरा म्हणाला, "आलीच आहेस तर माथेरान करून ये." त्यानंतर मी क्लिपा विकणाऱ्या मावशींशी करार केला. अंबरनाथ सुटलं की त्या माझा खांदा हलवतात, मी दहा रुपयांची क्लिप घेते. माझे केस कापून खांद्यापर्यंत आणलेत आणि घरात क्लिपांचा एक अख्खा खण आहे.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या, तेव्हा आम्ही बसनं, मिळेल तसं, तासन्‌तास जायचो. 15 जूनला अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुरू झाल्या आणि मी डब्यात चढले तर अख्खा बाक माझा. खिडकी माझी. चौथ्या सीटची भांडणं नाहीत, कुणाची गोळी नाही, नणंद नाही. पाय पसरून डोळे मिटले. बदलापूरपर्यंत टक्क जागी होते. टेकायला खांदा नव्हता आणि उठवायला मावशी नव्हत्या.

हल्ली घरी ऑफच्या दिवशी दुपारी झोपले की घड्याळाच्या गजराला मी दाद देत नाही. मागच्या रविवारी चार वाजता पाहुणे यायचे होते. लेकानं कानाशी तोंड आणून गंभीर आवाजात म्हटलं, "पुढील स्टेशन, बदलापूर."

मी उशी काखेत मारून उठून बसले आणि म्हणाले, "प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला?"